नॅनोची मशागत: निळं पॅनेल काळं का झालं

मे महिन्यात बेळगावजवळच्या येळ्ळूरला मामांकडे गेलो तेव्हा ते गच्चीवर काथ्या आणि चुलीतली राख घेऊन सोलरचं पॅनेल घासत बसले होते. पितळेचा हंडा घासतात तसं, गोल गोल हात फिरवत. "आरशागत लख्ख करतो बघ. मग दोन युनिट जादा पडतील." मी धावत जाऊन त्यांचा हात धरला. त्यांना राग आला आणि तो रास्तच होता. घाण काढणाऱ्या माणसाला कुणी अडवतं का?

पण आरसा आणि पॅनेल यांचं काम अगदी उलट आहे. आरसा आलेला प्रकाश परत पाठवतो, पॅनेलनं तो गिळायचा असतो. तो नीट गिळता यावा म्हणून त्या काचेवर कारखान्यातच एक थर दिलेला असतो. केसाच्या जाडीचे पाच-सहाशे भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढा. डोळ्याला तो दिसत नाही. मामांची राख तोच खरवडत होती.

मामा जरा वेळ गप्प राहिले. मग गोठ्याकडे बोट करून म्हणाले, "बरं, हे सांग. गोठ्यावरचं जुनं पॅनेल निळं, त्यात बर्फाच्या खड्यासारखे तुकडे दिसतात. हे नवं काळंकुट्ट. काळ्यात जादा काय हाय?"

त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला ती संध्याकाळ पुरली नाही. पॅनेलबरोबर आलेलं माहितीपत्रक इंग्रजीत होतं, योजनेचा कागद कन्नडमध्ये, आणि मामांची शाळा मराठी. सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान मिळतं, त्यामुळे बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या गच्च्यांवर पॅनेलं वाढत चालली आहेत. त्या काचेखाली काय चालतं हे आपल्या भाषेत वाचायला मिळावं असं मला मनापासून वाटतं. म्हणून हा लेख.

आधी माप समजून घेऊ. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले की एक नॅनोमीटर होतो. आपल्याला दिसणाऱ्या प्रकाशाच्या लाटेची लांबी जांभळ्याकडे साधारण ४०० नॅनोमीटर आणि तांबड्याकडे ७००. प्रकाश स्वतःच या मापाचा आहे, म्हणून याच मापाची किंवा याहून बारीक कारागिरी समोर आली की तो वेगळा वागू लागतो. सोलर सेलमध्ये नॅनो रचना कशासाठी, याचं मूळ इथं आहे.

सेलचं काम तसं साधं. सिलिकॉनच्या पातळ चकतीवर, म्हणजे वेफरवर, ऊन पडतं. प्रकाशाचा एक कण एका इलेक्ट्रॉनला जागेवरून उठवतो. इलेक्ट्रॉन उठला की त्याची जागा रिकामी होते, तिला होल म्हणतात. या दोघांना परत भेटू न देता दोन वेगवेगळ्या तारांपर्यंत पोचवलं, की वीज. १९५४ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत पहिला कामाचा सिलिकॉन सेल झाला, तो उन्हातल्या ऊर्जेपैकी सुमारे ६ टक्के विजेत बदलायचा. मामांच्या गोठ्यावरचं जुनं पॅनेल १५ टक्क्यांच्या आसपासचं, गच्चीवरचं नवं २२ टक्क्यांच्या घरातलं. कच्चा माल तोच, सिलिकॉन. मधल्या काळात जे सुधारलं त्याचा मोठा भाग गळती थांबवण्याचा आहे. कॅनॉलचं पाणी शेतापर्यंत पोचेतो जागोजागी झिरपतं तशी ही गळती असते, आणि तिच्या बऱ्याचशा जागा पृष्ठभागावर असतात.

पहिली गळती दारातच. गुळगुळीत सिलिकॉन चकचकीत धातूसारखं दिसतं आणि पडलेल्या प्रकाशापैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक परत पाठवतं. त्यावरचा जुना उपाय म्हणजे सिलिकॉन नायट्राइडचा थर, जाडी साधारण ७५ नॅनोमीटर. पावसाळ्यात रस्त्यावरच्या डबक्यात पेट्रोलचा थेंब पडला की रंग उमटतात, तसलाच हा खेळ. थराच्या वरच्या अंगावरून थोडा प्रकाश परततो, खालच्या अंगावरूनही थोडा परततो. ६०० नॅनोमीटरची नारिंगी लाट या थरात शिरली की आखडून ३०० ची होते. थर खाली-वर असा दोनदा ओलांडताना ती १५० नॅनोमीटर चालते, म्हणजे बरोबर अर्धी लाट. त्यामुळे खालून आलेली लाट वरच्या लाटेच्या नेमकी उलट पडते, दोघी एकमेकींना पुसून टाकतात, आणि परत जाणारा प्रकाश आत वळतो. निळ्या रंगाची लाट छोटी, तिला हे माप जुळत नाही, म्हणून थोडा निळा परत येतो. जुनं पॅनेल निळं दिसतं ते यामुळे. त्याला निळा रंग दिलेला नाही. तिथं जे निळं दिसतं तो आत जाऊ न शकलेला प्रकाश आहे.

मग नवं काळं का? त्या 'बर्फाच्या तुकड्यां'चं उत्तर उद्यमबागच्या फाउंड्रीत काम केलेल्या माणसाला लगेच कळेल. जुन्या पॅनेलचं सिलिकॉन वितळवून, साच्यात ओतून गार केलेलं असतं. ओतीव लोखंड फोडलं की आत दाणा दिसतो, तसा तो सिलिकॉनचा दाणा आहे. प्रत्येक दाण्यातल्या अणूंच्या रांगा वेगळ्या दिशेला. नव्या पॅनेलमधलं सिलिकॉन वितळलेल्या रसातून हळूहळू वर ओढून एकच अखंड स्फटिक म्हणून वाढवलेलं असतं, सगळ्या रांगा एका दिशेला. अशा वेफरला अल्कलीच्या गरम द्रावणात बुडवलं की द्रावण ठरावीक दिशेनंच कोरत जातं आणि पृष्ठभागावर आपोआप पिरॅमिड उभे राहतात. प्रत्येकाची बाजू ५४.७ अंशांत कललेली, उंची काही मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे हजार नॅनोमीटर).

रताळ्याच्या शेतात आपण सरी-वरंबे कशाला पाडतो? सपाट रानावर पडलेला पाऊस वाहून जातो, वरंब्यावर पडलेला उतरून सरीत येतो आणि मुरतो. पिरॅमिडांचंही तसंच. एका बाजूवर आपटून उडालेला प्रकाश शेजारच्या पिरॅमिडवर जातो, त्याला आत शिरायची दुसरी संधी मिळते. यानं परावर्तन १० टक्क्यांच्या आसपास येतं आणि वर नायट्राइडचा थर दिला की दोन-तीन टक्क्यांवर. परत येणारा प्रकाशच उरला नाही, म्हणून पॅनेल काळं. ओतीव सिलिकॉनवर दाणे वाकडेतिकडे असल्यानं असे नीट पिरॅमिड उठत नाहीत.

हे पिरॅमिड मायक्रॉनांतले, म्हणजे प्रकाशाच्या लाटेपेक्षा कितीतरी मोठे. त्यांच्यापुढं प्रकाश चेंडूसारखा वागतो, आपटतो आणि उडतो. रचना लाटेहून बारीक केली की गोष्ट पार बदलते. बेळगावातून पश्चिमेला निघा. शहरात पाऊस बेताचा, खानापूर तालुक्यात वाढलेला, जांबोटीच्या पुढं कणकुंबीला तर धो धो. पण नेमका कुठल्या मैलाच्या दगडापाशी तो वाढला हे कुणी दाखवू शकत नाही, कारण हद्दच नाही. प्रकाश परततो तो हद्दीवरून. हवेतून एकदम सिलिकॉन लागलं की त्याला धक्का बसतो. काहीशे नॅनोमीटर उंचीच्या टोकदार सुया दाटीवाटीनं उभ्या केल्या, तर टोकाशी बहुतेक हवा, मध्ये निम्मी हवा निम्मं सिलिकॉन, बुडाशी सगळं सिलिकॉन. सुया इतक्या बारीक की प्रकाशाला त्या सुट्या दिसत नाहीत, त्याला फक्त हळूहळू दाट होत जाणारा पदार्थ जाणवतो. मग परतायचं तरी कुठून?

पतंगाच्या डोळ्यात हीच रचना आहे. स्वीडनच्या बर्नहार्ड यांनी १९६० च्या दशकात काही निशाचर पतंगांच्या डोळ्यांवर सुमारे २०० नॅनोमीटरचे बारीक उंचवटे असल्याचं दाखवलं. अंधारात मिळेल तेवढा प्रकाश आत घ्यायचा आणि डोळा चमकून शत्रूला दिसायचंही नाही, अशी दुहेरी सोय. सिलिकॉनवर अशा सुया उभ्या केल्या की ते काजळासारखं दिसतं. त्याला काळं सिलिकॉन म्हणतात. हार्वर्डमध्ये एरिक माझूर यांच्या प्रयोगशाळेत १९९० च्या दशकाच्या अखेरीस लेझरच्या अतिशय छोट्या स्पंदांनी असं सिलिकॉन तयार झालं. पुढं स्वस्त रासायनिक वाट सापडली. वेफरवर चांदीचे नॅनोकण पसरायचे आणि आम्लात ठेवायचं. प्रत्येक कण आपल्या बुडाखालचं सिलिकॉन विरघळवत खाली उतरतो, विहीर खणणारा माणूस स्वतःच्या पायाखालची माती काढत खाली जातो तसा. शेवटी चांदी धुऊन काढली की भोकांची दाट जाळी उरते. ओतीव सिलिकॉनला पिरॅमिड जमत नव्हते, तिथं ही युक्ती कारखान्यांतही वापरली गेली.

इथवर ऐकून मामा म्हणाले, "मग सगळी पॅनेलं तशीच का करत नाहीत?" मला वाटतं या विषयातला सर्वांत मोलाचा प्रश्न हाच आहे, आणि नॅनोच्या नावानं लिहिताना बहुतेक ठिकाणी तो गाळला जातो.

काळ्या सिलिकॉनचे सुरुवातीचे सेल प्रकाश जवळपास सगळा गिळत होते, तरी साध्या सेलपेक्षा वीज कमी देत होते. दारातली गळती बंद केली आणि घरातली वाढली. सिलिकॉनच्या आतला प्रत्येक अणू चार शेजाऱ्यांचे हात धरून उभा असतो. पृष्ठभागावरच्या अणूला वरच्या बाजूला शेजारीच नाही, एखादा हात रिकामा राहतो. वडगाव-शहापूरच्या मागावर कापड विणणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. कापडाच्या मधोमध धागा पक्का असतो, पण काठ नसलेल्या, कापलेल्या कडेला सुतं सुटतात. पृष्ठभागावरचे रिकामे हात ही सिलिकॉनची उसवलेली कड. तिथं इलेक्ट्रॉन अडकतो, होल येऊन त्याला भेटतो, दोघं संपतात आणि उरते ती नुसती उष्णता. सुया उभ्या केल्या की पृष्ठभाग कित्येक पट वाढतो, त्याबरोबर उसवलेली कडही कित्येक पट वाढते. प्रकाशाला आत घेणारी मशागतच इलेक्ट्रॉनच्या जिवावर उठते.

म्हणून या क्षेत्रातली खरी झुंज सुया उभ्या करण्याची नव्हती, त्या सुयांची कड शिवण्याची होती. शिवणारा दोरा मिळाला ॲल्युमिनियम ऑक्साइडचा. फिनलंडच्या तुओमो सुंतोला यांनी १९७० च्या दशकात एक पद्धत विकसित केली होती. बंद भांड्यात एक वायू सोडायचा, तो पृष्ठभागावर फक्त एकपदरी चिकटतो. उरलेला काढून टाकायचा आणि दुसरा वायू सोडायचा, तो पहिल्याशी जुळून पक्का थर बनतो. एका फेरीत सुमारे ०.१ नॅनोमीटर जाडी वाढते. घर सारवताना हात कोनाड्यात पोचत नाही, पण वायू पोचतो. सुईच्या टोकाला, कुशीला, बुडाला, सगळीकडे सारखाच थर बसतो.

या थराचा दुसरा गुण मला फार आवडतो. त्याच्यात ऋण भार कायमचा अडकून बसलेला असतो. खानापूर तालुक्यात गवे आणि रानडुकरं पिकात शिरू नयेत म्हणून शेताच्या कडेनं झटक्याची तार लावतात. जनावर तारेपाशी आलं की मागं फिरतं. ऋण भाराचा हा थर ऋण इलेक्ट्रॉनला तसाच कडेपासून लांब ठेवतो. इलेक्ट्रॉन आणि होल दोघंही एका जागी आले तरच जोडी संपते. एकाला हुसकावून लावलं की उसवलेली कड असूनही तिला भक्ष्य मिळत नाही.

२०१२ मध्ये काळ्या सिलिकॉनच्या सेलचा विक्रम १८.२ टक्के होता. २०१५ मध्ये फिनलंडच्याच आल्टो विद्यापीठातल्या हेले सावीन यांच्या गटानं या थराचा आधार घेऊन आणि सगळ्या तारा मागच्या बाजूला नेऊन तो २२.१ टक्क्यांवर नेला. या सेलचा आणखी एक फायदा म्हणजे तिरपा प्रकाशही तो चांगला घेतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर आभाळ भरलेलं असतं, सूर्य एका जागी नसतोच म्हणा ना, सगळं आभाळ मिळून मंद उजेड देतं आणि तो सगळ्या बाजूंनी तिरपा येतो. अशा दिवसांत हा गुण उपयोगी पडतो. मात्र अखंड स्फटिकावर पिरॅमिड आणि नायट्राइड मिळून परावर्तन आधीच दोन-तीन टक्क्यांवर आलेलं असतं, त्यामुळे तिथं सुयांनी मिळणारी भर थोडी. कारखानदार तेवढ्यासाठी जादा खर्च करत नाही, आणि त्याचं ते गणित मला पटतं.

मामांच्या पॅनेलच्या पाठीमागं स्टिकर होतं. त्यावर 'एन-टाइप टॉपकॉन' लिहिलेलं. सेलवरची चांदीची बारीक रेघ जिथं सिलिकॉनला थेट टेकते, ती जागा इलेक्ट्रॉनसाठी सर्वांत घातक. पण टेकल्याशिवाय वीज बाहेर कशी यायची? जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेनं २०१३ मध्ये यावर वाट काढली. सिलिकॉन आणि धातू यांच्यामध्ये ऑक्साइडची एक भिंत घालायची, जाडी फक्त दीड नॅनोमीटरच्या आसपास, आणि तिच्यावर सिलिकॉनचाच एक भार वाहून नेणारा थर. हीच टॉपकॉन रचना. भिंत आहे म्हणून कड शिवली जाते. आणि ती इतकी पातळ आहे की इलेक्ट्रॉन तिच्यातून आरपार जातो. क्वांटम भौतिकीत याला टनेलिंग म्हणतात. भिंतीला भोक पडत नाही, इलेक्ट्रॉन भिंतीवरून उडीही मारत नाही. त्याचं लाटेचं रूप भिंतीच्या पलीकडंही थोडं पसरलेलं असतं, म्हणून तो पलीकडं सापडतो. भिंत दुप्पट जाड केली तर वाट जवळपास बंद.

"काय सांगूलालास! बोटांवर मोजावेत एवढ्या अणूंची भिंत, आणि ती माझ्या गच्चीवर?"

होय, त्यांच्याच गच्चीवर. नॅनो म्हटलं की लोकांना प्रयोगशाळेतलं, वीस वर्षांनी येणारं काहीतरी वाटतं. येळ्ळूरच्या त्या पॅनेलमध्ये मात्र काचेवरचा शंभरेक नॅनोमीटरचा सच्छिद्र थर, सेलवरचा ७५ चा नायट्राइड, त्याच्याखाली काही नॅनोमीटरचं ॲल्युमिनियम ऑक्साइड आणि पाठीमागची ही दीड नॅनोमीटरची भिंत, सगळं आजच हजर आहे. कड नीट शिवलेली असली की उन्हाळ्यातही फायदा होतो. पॅनेल तापलं की प्रत्येक अंशामागे वीज घटते, जुन्या पद्धतीच्या सेलमध्ये ती सुमारे ०.४ टक्के घटायची, टॉपकॉनमध्ये ०.३ च्या आसपास. मेमध्ये काचेखाली ६० अंश होतात, तेव्हा हा फरक बिलावर दिसतो.

आता आणखी एक ओढाताण. निळा प्रकाश सिलिकॉनमध्ये अर्ध्या मायक्रॉनच्या आत शोषला जातो, पण १००० नॅनोमीटरचा अवरक्त (तांबड्यापलीकडचा, डोळ्याला न दिसणारा) प्रकाश शोषला जायला दीडशे मायक्रॉन लागतात. म्हणजे प्रकाशाला सेल जाड हवा. इलेक्ट्रॉनला पातळ हवा, कारण वाट लांबली की तो मधेच संपायची भीती. यावर एक सुंदर उत्तर म्हणजे उभ्या नॅनोतारांचं. उसाचा फड डोळ्यांपुढं आणा. ऊन शेंड्याकडून बुडापर्यंत उसाच्या लांबीनं उतरतं, पण रसाला बाहेर यायला कांडाच्या जाडीएवढंच अंतर. तारही तशीच, प्रकाशासाठी लांब आणि इलेक्ट्रॉनसाठी अरुंद. स्वीडनच्या लुंड विद्यापीठातल्या गटानं २०१३ मध्ये इंडियम फॉस्फाइडच्या १८० नॅनोमीटर जाडीच्या तारांचा सेल केला. तारांनी जमिनीचा फक्त १२ टक्के भाग व्यापला होता. उरलेली जागा मोकळी असूनही प्रकाशाचा ७१ टक्के वाटा विद्युतप्रवाहात बदलला, साध्या किरणांच्या हिशेबानं जितका यायला हवा त्याच्या सहापट. कारण या मापाची तार शेजारून जाणाऱ्या लाटेलाही आत ओढते. कार्यक्षमता मिळाली १३.८ टक्के. पदार्थ कमी लागतो, पण अशा तारा एकसारख्या आणि मोठ्या क्षेत्रावर वाढवणं महाग आहे, म्हणून त्या अजून गच्चीवर आलेल्या नाहीत.

चांदीचे नॅनोकण सेलवर पसरून प्रकाश आत विखुरण्याचीही कल्पना आहे. पंधरा वर्षांपूर्वी तिची बरीच चर्चा होती. चांदी स्वतःच प्रकाशाचा काही भाग खाऊन तापते आणि मिळवलेल्यातलं बरंचसं घालवते, त्यामुळे सिलिकॉन पॅनेलमध्ये तिला फारसं भविष्य नाही असं माझं मत आहे.

इथवरच्या सगळ्या गळती पृष्ठभागाच्या आणि वाटेच्या. सर्वांत मोठी गळती मात्र सिलिकॉनच्या स्वभावातच आहे. इलेक्ट्रॉन उठवायला लागणारी ऊर्जा ठरलेली असते. ११०० नॅनोमीटरहून लांब लाटेचा कण कमी पडतो, तो आरपार जातो. उन्हाचा जवळपास पाचवा हिस्सा असा वाया. निळ्या कणात गरजेच्या दुपटीहून अधिक ऊर्जा असते, पण उठतो इलेक्ट्रॉन एकच, उरलेली ऊर्जा उष्णता होते. त्यात जवळपास तिसरा हिस्सा जातो. शॉकली आणि क्वाइसर यांनी १९६१ मध्ये मांडलेल्या हिशेबाच्या पद्धतीनं पाहिलं, तर साध्या उन्हात एकाच पदार्थाचा सेल सुमारे ३३ टक्क्यांपलीकडं जाणार नाही. सिलिकॉनसाठी ही मर्यादा २९ टक्क्यांच्या जराशी वर.

ही मर्यादा ओलांडायची तर वेगवेगळ्या रंगांसाठी वेगवेगळे पदार्थ हवेत. इथं नॅनो वेगळ्याच वाटेनं येतं. बैलाच्या गळ्यातली घंटा आणि पायातलं घुंगरू दोन्ही पितळेची, पण घंटेचा आवाज खोल आणि घुंगराचा बारीक, कारण आकार. सिलिकॉनसारख्या अर्धवाहक पदार्थाचा कण काही नॅनोमीटर इतका लहान केला की त्यातला इलेक्ट्रॉन कोंडला जातो आणि कणाच्या आकारावर तो कुठला रंग घेणार हे ठरतं. अशा कणांना क्वांटम डॉट म्हणतात, त्यांच्यासाठीच बावेंडी, ब्रुस आणि येकिमोव्ह यांना २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. सिलिकॉनला न जमणारा अवरक्त प्रकाश शिसे आणि गंधकाचे असे कण घेऊ शकतात. पण कण लहान म्हणजे पृष्ठभाग जास्त, आणि पृष्ठभाग जास्त म्हणजे रिकामे हात जास्त. तीच उसवलेली कड पुन्हा समोर. म्हणून त्यांचे सेल अजून मागं आहेत.

पुढं गेला तो पेरोव्हस्काइट नावाचा स्फटिक. २००९ मध्ये जपानच्या मियासाका यांच्या गटानं या स्फटिकाचे नॅनोकण वापरून ३.८ टक्क्यांचा सेल दाखवला. तो ज्या साच्यावर बांधला तो १९९१ चा, ओरेगन आणि ग्रेट्झेल यांचा. पांढऱ्या रंगात घालतात ते टायटॅनियम डायऑक्साइड, त्याच्या नॅनोकणांचा स्पंजासारखा थर, ज्याचा आतला पृष्ठभाग सपाट थराच्या शेकडो पट, आणि त्यावर चढवलेला रंगद्रव्याचा एक पदर. इथं वाढलेला पृष्ठभागच कामाला आला, कारण प्रकाश घेणारं रंगद्रव्य त्या पृष्ठभागावरच बसलेलं होतं. बेळगावपासून शंभरेक किलोमीटरवरच्या कोल्हापुरात, शिवाजी विद्यापीठात, रासायनिक पद्धतीनं असे पातळ थर बनवण्यावर वर्षानुवर्षं काम झालं आहे. आपल्या भागातल्या भौतिकीच्या विद्यार्थ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं. या विषयात शिरायला बेंगळुरू किंवा मुंबईच गाठली पाहिजे असं नाही.

पेरोव्हस्काइट निळा-हिरवा प्रकाश घेतो आणि तांबडा-अवरक्त खाली जाऊ देतो. खाली सिलिकॉन ठेवलं की दोघं मिळून उन्हाची वाटणी करतात. २०२४ मध्ये चीनच्या लाँगी कंपनीचा असा दुमजली सेल ३४.६ टक्क्यांवर गेला, म्हणजे १९६१ ची एकपदरी मर्यादा ओलांडून पुढं. यातही नॅनो मशागत आहे. बर्लिनच्या हेल्महोल्ट्झ केंद्रानं २०२१ मध्ये सिलिकॉनवर नॅनोमापाच्या सौम्य लाटा उठवून वर पेरोव्हस्काइट पसरवलं. कार्यक्षमता २९.८ टक्के मिळाली. त्याहून मोलाची गोष्ट अशी, की सपाट पृष्ठभागावर शंभरातले पन्नासच सेल धड निघायचे, ते लाटांवर पंचाण्णव निघू लागले. सपाट भिंतीवर गिलावा धरत नाही म्हणून गवंडी टोचे मारतो, तसंच काहीसं. अडचण आहे ती पाण्याची आणि उन्हाची. ओल लागली की हा स्फटिक मोडतो, शिवाय त्यात शिसं असतं. खानापूरच्या चार महिन्यांच्या पावसात ते पंचवीस वर्षं टिकवायचं तर वरचं सील तितकं पक्कं पाहिजे.

मामांना मी सांगितलं, त्याच्यासाठी थांबू नका, लावलंय ते चांगलं आहे.

त्यांचा शेवटचा प्रश्न मात्र व्यवहाराचा होता. दिवाळीत एक जण गावात 'नॅनो कोटिंग'ची बाटली विकून गेला होता. फवारा मारला की वीज २० टक्के वाढेल म्हणाला. हा हिशेब कुणालाही घरी करता येतो. साधी काच समोरच्या अंगानं सुमारे ४ टक्के प्रकाश परत पाठवते. कारखान्यातल्या सच्छिद्र थरानं त्यातला अर्ध्याहून अधिक आधीच वाचवलेला असतो. उरले टक्का-दीड टक्का. जगातला सर्वांत उत्तम थर दिला तरी जे परत जातंय तेवढंच वाचणार, वीस टक्के आणायचे कुठून? पाणी न धरणारा थर धूळ बसणं कमी करू शकेल, तेवढं मान्य. पण धूळ फडक्यानंही जाते. आणि आपल्याकडे ती खरंच फार असते. गळीत हंगामात कारखान्याच्या चिमणीतून चिपाडाची काजळी उडते, उद्यमबागेकडे फाउंड्रीची धूळ, खानापुरात वीट-कौलांच्या भट्ट्यांचा धूर. त्यापायी जाणारी वीज टक्का-दीड टक्क्याहून सहज जास्त असते.

मामा आता पहाटे, काच गार असताना, नुसत्या पाण्यानं आणि जुन्या मऊ धोतराच्या फडक्यानं पॅनेल पुसतात. तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं तर ती तडकू शकते, म्हणून पहाटे. काथ्या पुन्हा भांड्यांकडे गेला. पण उत्तरेकडच्या पॅनेलच्या एका कोपऱ्यात त्या दिवशीचे गोल ओरखडे राहिले आहेत. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात बाकीचं पॅनेल काळं असतं आणि तेवढा कोपरा चमकतो. गच्चीवर कुणी आलं की मामा त्याला तिथं नेतात, बोट लावतात आणि सांगतात, "हितनं ऊन परत चाललंय बघ."